मागच्याचा शब्द

१२ मार्च, रविवार

घरी आल्याआल्या लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं आलं तर येऊ दे.

दातांच्या डॉक्टरबाई. दर रविवारी आमच्या बोटीमागे दोरीने ओढल्या जाणाऱ्या हवेच्या ट्यूबवर पालथ्या पडून किंचाळतात आणि सोमवारी लोकांच्या दाढा काढतात. आज वळणावर ट्यूब उलटली. सुटून पडल्या असत्या तर हसत वर आल्या असत्या — पण उजवा हात ट्यूबच्या पट्ट्यात अडकला. फरफटत गेल्या, तोंड पाण्यात. मला काहीच कळलं नाही! बोट चालवणारीने पुढे बघायचं. मागे बघणं दादाचं काम. तो माझा ‘मागचा’ — माझ्याकडे पाठ करून दोरीच्या टोकावर नजर ठेवणारा. उभी होते ती नुकतीच सीटवर टेकले होते, आरशात पाहिलं तर ट्यूब उलटी. मग मनगटाची लाल दोरी खेचली. ती निघाली की इंजिन बंद.

दादाने उडी मारली. बाई निळ्या पडल्या होत्या. श्वास आला, पण हात भलत्याच दिशेला लोंबत होता.

१३ मार्च

बाईंचं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. खांदा निखळलाय. उजवाच!

१५ मार्च, बुधवार

तपासणीवाले साहेब आले. दोरी मोजली, जॅकेटं ओढून पाहिली. सगळं नियमाला धरून. मग आम्हा बहीणभावाला समोर बसवलं.

“थांबवायचा ठरलेला शब्द कोणता?”

“थांब.”

“तो ऐकलात?”

“नाही.”

खरं तेच सांगितलं. दादा म्हणाला, “मी ओरडलो होतो.” काय ओरडलात? तर “ओरडलो, एवढंच आठवतं.”

बाहेर आल्यावर मी त्याला नको ते बोलले. तू ओरडला असतास तर मी बोट थांबवली नसती? बहिरी आहे का मी? एकोणीस वर्षं एका बोटीत आहोत आम्ही.

१८ मार्च

निकाल आला. दादाने यापुढे ‘मागचा’ म्हणून बोटीत बसायचं नाही, कायमचं. मला नुसती समज. सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं — आणि सांगायला लाज वाटते, पण आज मला जरा भूक लागली.

२० मार्च

उभ्याउभ्याच जेवले. आई म्हणायची, हिच्या पायांना चाकं लावलीत. दादा तर लहानपणापासून पाठीशी लागलेला — बस गं, बस खाली, पडशील! बोटीतही तेच. सुकाणूच्या चक्रापाशी उभी दिसले की ओरडलाच. आता ओरडायला कोणी नाही.

२३ मार्च, गुरुवार

बाईंना भेटून आले. बोटं हलतात, पण पकड नाही. “चिमटा धरता आला तर दवाखाना, नाहीतर...” मग म्हणाल्या, “तुमचे दादा रोज येतात. नुसते बसून राहतात. त्यांच्यावर रागावू नका.”

तो रोज जातो हे मला ठाऊकच नव्हतं.

२५ मार्च

वहिनी आली होती. “वन्सं, हे झोपेत सारखं ‘बस, बस’ म्हणतात हो. जेवणही जात नाही.”

कंटाळला असेल. बस झालं आता, असं म्हणत असेल. वाईट वाटलं. राग मात्र गेला नाही.

२८ मार्च, मंगळवार

नवी ‘मागची’ मिळाली. मुलांना पोहायला शिकवते, आवाज खणखणीत! तिला सगळं पढवलं — ट्यूबवरच्या माणसावरून नजर हलवायची नाही. त्याचा अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, ते मला सांगायचं. आणि थांबवायचं असेल तर एकच शब्द. थांब. दुसरा नाही. उद्या रिकाम्या ट्यूबवर सराव.

२९ मार्च

वळणावर ट्यूब उलटली. नवी घाबरली, ठरलेला शब्द विसरली, आणि ओरडली — “बस! बस!”

पुरे, थांबव, असं म्हणायचं होतं तिला.

मी उभी होते. बसले.

इंजिन चालूच.

३० मार्च

सकाळी साहेबांकडे जाऊन जबाब बदलला. परवाना जाईल. जाऊ दे.

मग दादाकडे. शेडमध्ये जॅकेटांचे बंद शिवत होता. म्हटलं, तू ओरडला होतास, ‘बस’ म्हणून. मी ऐकलं होतं. ऐकून बसले.

सुई थांबली. “म्हणजे ‘थांब’ म्हणालोच नाही मी,” म्हणाला. मग बाकावरचं जॅकेट बाजूला सारलं.

“बस,” म्हणाला.

बसले.