काय कमी पडलं?

शुक्रवार, दुपारी तीन

थोरल्या बहिणींनो, घरातली वाटणी आपण केली आणि लहान वाटा आपणच उचलला. ही तुमची-माझी, सगळ्यांची तक्रार आहे आणि ती आपण आजवर कुणापुढे मांडलेली नाही.

तीस वर्षं व्यासपीठावरून बोलल्यामुळे मला रोजनिशीतही समोर श्रोते बसवल्याशिवाय लिहिता येत नाही. तेव्हा बसा.

समुद्रकाठच्या या हॉटेलात मी आज सकाळी धाकट्या बहिणीबरोबर आले. तिला आम्ही ठकी म्हणतो. एकोणपन्नास वर्षांची झाली, तरी ठकीच. इथे खरं तर ती नवऱ्याबरोबर येणार होती. त्याला ऐनवेळी परगावी जावं लागलं आणि माझी वर्णी लागली. रिकामी जागा भरायला थोरली बहीण बरी असते.

पण खोटं कशाला बोलू, आल्या आल्या जीव हरखला. दारातच लिंबाच्या वासाचा गार टॉवेल हातात दिला. समोर गोल्फची हिरवळ थेट कड्यापर्यंत गेलेली, खाली समुद्र. हिरवळीवर छोटे झेंडे आणि आवाज न करता फिरणाऱ्या विजेच्या गाड्या. डाव्या हाताला दुधी काचेची स्पाची इमारत. चालणारी माणसंसुद्धा इथे पाऊल वाजवत नाहीत.

मला वाचायला एकांत लागतो म्हणून ठकीने माझ्यासाठी वेगळी खोली घेतली. ठकीच्या खिडकीतून समुद्र दिसतो. माझ्या खिडकीतून धुलाईघराच्या धुरकट चिमण्या. ठकी म्हणाली, खोल्या आपल्या आपण वाटून घेऊ. पण तेव्हा तिचं सामान तिच्या पलंगावर उघडून पडलेलं होतं.

टेबलावर एक कोरं कार्ड आहे. त्यावर एवढंच छापलंय : काय कमी पडलं? बाजूला गोल्फचे गुण मांडायला देतात तसली बोटभर पेन्सिल, मागे रबर नसलेली. मी आयुष्यभर बायकांना सांगत आले की तोंड उघडून मागा. मग स्वतःच कशी गप्प बसू? लिहिलं : माझ्या बहिणीच्या खोलीतून समुद्र दिसतो, माझ्या खोलीतून नाही.

शुक्रवार, संध्याकाळी सहा

वीस मिनिटांत खोली बदलून मिळाली. पलंगाएवढी खिडकी, खिडकीभर समुद्र. मागितलं की मिळतं, हे मी तुम्हाला उगाच सांगत नव्हते.

चहाला ठकी भेटली. तिलाही खोली बदलून दिलीय म्हणे. धुलाईघराकडची, मी सोडली तीच. चेहऱ्यावर आठी नाही. म्हणाली, झोपायलाच तर जायचं.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी तिच्या नव्या खिडकीतल्या चिमण्या मनातल्या मनात मोजल्या आणि चहात आणखी एक चमचा साखर घातली.

शनिवार, सकाळी दहा

ठकीला गोल्फ येतो, हे मला माहीत नव्हतं. पाय रोवून, कमरेतून वळून तिने चेंडू असा हाणला की तो उतरताना दिसलाच नाही. गोल्फच्या शिक्षकाने टोपी काढली. मला म्हणाला, तुमची मुलगी का? माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे फक्त. पण ती नऊ वर्षं कुठे गेली ते माझे गुडघे सांगतील. आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला उचलणं, कूस बदलणं, बाथरूमपर्यंत नेणं मी केलं. ठकी सुट्टीला यायची, अत्तराची बाटली घेऊन.

दोन झेंड्यांपर्यंत चालले आणि बसले. गाडीतच कार्ड होतं. लिहिलं : तिचे गुडघे दुखत नाहीत. गंमत म्हणूनच लिहिलं. निदान अर्धी गंमत.

शनिवार, दुपारी चार

स्पाच्या पायऱ्या मी धावत चढले. बत्तीस पायऱ्या. वर पोहोचल्यावर लक्षात आलं की कठडा धरलाच नाही.

ठकी मागून आली, मालिश करणाऱ्या बाईच्या खांद्यावर हात ठेवून. पाय लचकला असेल, म्हणाली.

मी तडक मॅनेजरबाईंकडे गेले. शांत बाई, पांढरी कॉलर, नखं आखूड कापलेली. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, इथे शिल्लक असं काही नसतं. जे आहे ते कुणाकडे तरी असतं. पाहुण्यांना कमी पडलं की आम्ही ते जिथे आहे तिथून आणतो. मी विचारलं, ज्याचं नेता त्याला विचारता का? त्या म्हणाल्या, तशी पद्धत नाही. तक्रार त्यांची नसते.

सामान बांधून निघायला हवं होतं. बहिणींनो, मी माझ्या पायांवर उभी होते आणि पाय दुखत नव्हते. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

मी वाफेच्या खोलीत जाऊन ठकीशेजारी बसले. वाफेत तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. गुडघा चोळत ती आपल्या मनाने बोलत होती. लहानपणी ती तापली की आई रात्रभर मांडीवर घ्यायची, केसांतून हात फिरवायची, ते तिला आठवलं. मग हसून म्हणाली, "आई म्हणायची, ताई म्हणजे लोखंड आहे. तिला काही लागत नाही."

तिने ते कौतुक म्हणून सांगितलं. तिला खरंच ते कौतुक वाटतं.

बाहेर बाकावर कार्ड होतं. ओल्या बोटांनी लिहिलं : तिच्या वाट्याला आई आली, माझ्या वाट्याला रुग्ण आला.

परिणाम ठाऊक असूनही लिहिलं. इथे मी स्वतःची वकिली करणार नाही.

रविवार, सकाळी आठ

जाग आली तेव्हा आई माझे केस विंचरत होती. आठवणीत. हस्तिदंती फणी, मानेवर तिचा श्वास, मला ताप. मग दुसरी आठवण, तिसरी. आई मला शाळेच्या फाटकात उचलून घेतेय. आई माझ्यासाठी भांडतेय. शेवटच्या दिवशी आई विचारतेय, "मोठी कुठंय?" आणि मी तिथेच आहे.

खरं काय ते मला आठवतं. शेवटच्या दिवशी तिने तीनदा विचारलं होतं, ठकी आली का. चमच्याने पाणी मी पाजत होते.

उशीत तोंड खुपसून रडले. सुखाने.

रविवार, साडेनऊ

नाश्त्याला ठकी अंडं सोलत होती. मी फोनवरचा फोटो तिच्यापुढे धरला. आई मध्ये, आम्ही दोघी दोन्हीकडे. तिने डोळे बारीक केले, हात पुसून फोन जवळ घेतला.

"या कोण गं, ताई? चेहरा गोड आहे."

तिने मीठ मागितलं. मी दिलं.

रविवार, अकरा

तीन कार्डं लिहिली. माझं परत घ्या. तिचं तिला द्या. माझी तक्रार नाही. तिन्ही मॅनेजरबाईंनी सुबक बांधून परत आणून दिली. म्हणाल्या, परत देण्याची सोय नाही. ज्याला कमी पडलंय त्याने स्वतः लिहायला हवं आणि त्याला ते मनापासून वाटायला हवं.

म्हणजे ठकीने लिहायला हवं. ताईकडे आहे, माझ्याकडे नाही, असं.

मी तिच्यापुढे कार्ड ठेवलं. तिने वाचलं. म्हणाली, "मला काय कमी आहे?"

बहिणींनो, तिला मत्सर येतच नाही. आयुष्यभर मी समजत होते की तिला सगळं मिळतं म्हणून ती समाधानी आहे. उलटं होतं. तिला काही मिळालं नसतं तरी ती अशीच अंडं सोलत बसली असती. याचासुद्धा मला हेवा वाटला. तिथेच, त्या घडीला.

रविवार, दुपारी दोन

मी भाषण केलं. एका श्रोत्यासाठी, तलावाकाठच्या आरामखुर्चीत. मला येतं ते हेच. शांत बसलेल्या बाईला तिच्या वाट्याचं काय गेलं ते दाखवायचं. सांगितलं, ही खोली तुझी होती. हे गुडघे तुझे होते. फोटोतली बाई तुझी होती आणि तिने तुला माझ्यापेक्षा जास्त जीव लावला. मी चोरला. बघ माझ्याकडे, मी किती सुखात आहे. अर्धा तास ती हसत होती. मग हसू थांबलं. मग ती माझ्या गुडघ्यांकडे बघू लागली.

अशी नजर मी हजारो बायकांच्या डोळ्यांत पेटवली आहे. तेव्हा वर बोट दाखवायचे, देणाऱ्याकडे. इथे वर कुणी नव्हतं. शेजारच्या खुर्चीत मीच होते.

तिने पेन्सिल मागितली.

रविवार, तीन

मिळालं. ठकी आईच्या फोटोवर तोंड ठेवून रडली. माझ्या गळ्यात पडली. मला आता आईचा चेहरा फोटोत बघूनच — पण असू दे. ते तिचंच होतं. झालं. निघायचं.

उठायला गेले तर गुडघे गेले होते. हेही ठीक.

ठकी म्हणाली, थांब ना ताई, अजून एक कार्ड हवंय.

रविवार, चार

तिने समुद्र नेला. ठीक.

तिने माझी झोप नेली असावी. डोळे जळतात.

मी म्हटलं, बस आता. ती म्हणाली, तुला बोलता येतं, मला कधीच आलं नाही. लोक तुझं ऐकतात. मला म्हणतात, ठकी. हे ती लिहीत होती तेव्हा तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात होती, लहानपणी गणित सोडवताना असायची तशी.

हाक मारायला तोंड उघडलं. नुसती हवा.

रविवार, पाच

समोर बसलीय. लिहितेय. मी थांबवत नाही — मीच शिकवलं —

माझ्या पुस्तकांच्या पाठीवर काय लिहिलंय — अक्षरं दिसतात, पण —

माझी नऊ वर्षं नेली. अंथरूण, चमचा, पाणी. ती म्हणते, मी आईची सेवा केली. हो, तिनेच केली असेल. मग मी कुठे —

रविवार

समोर एक बाई आहे. तिला आई आहे. दोन्ही आया तिच्याच, मांडीवर घेणारी आणि मांडीवर घेतलेली.

मला का नाही?

कुणीतरी माझ्यापुढे कार्ड ठेवलंय. कोरं. पांढरी कॉलर, आखूड नखं.

लिहायचं नाही. का नाही ते आठवत नाही — लिहायचं नाही एवढं —

किती सुखात बसलीय ती.

तुम्ही समोर आहात ना अजून, बहिणींनो. याच पेन्सिलीने हे लिहितेय. कार्डावर हात चाललाय. उठा. माझ्या हातातली पेन्सिल काढून घ्या, आत्ता, मी तिचं नाव लि