कासवांवरचे छप्पर उतरवण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय वन अधिकारी,
तुइछांग वन्यजीव विभाग, मिझोराम.

विषय : रानकासव संवर्धन केंद्र, सेर्तलांग येथील छप्पर उतरवण्याचा लेखी आदेश तातडीने मिळण्याबाबत. (अर्ज तिसरा)

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे परिपत्रक, दि. २० जून.
२) माझे अर्ज, दि. ३० जून व ९ जुलै.
३) आपल्या कार्यालयाचे प्रशस्तिपत्र, दि. ५ जुलै.

महोदय,

वरील विषयास अनुसरून, मी रोखुमा, सदर केंद्राचा रखवालदार, सात वर्षांच्या नोकरीनंतर आपणास विनंतीपूर्वक कळवतो की,

१. केंद्रात अकरा रानकासवे होती, आज नऊ आहेत. कुंपण उघड्यावर, उंबराच्या झाडांखाली असून वर आभाळाशिवाय काही नव्हते. हे कासव थंड पावसाचेच आहे. बाकीची जनावरे आडोसा शोधतात तेव्हा हे पानांखालून बाहेर येते, मान वर करून भिजते आणि आळंबी खात फिरते. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. माझे वडील यांना पावसातच शोधायला जात, शिजवून खाण्यासाठी. ती गोष्ट आता बंद आहे.

२. दि. १२ जून रोजी चार क्रमांकाच्या मादीने पालापाचोळा मागे ओढत ओढत गुडघाभर उंचीचा ढीग केला व त्यात चाळीसच्या आसपास अंडी घातली. केंद्र सुरू झाल्यापासूनची ही पहिलीच अंडी. तेव्हापासून ती ढिगावर बसून आहे. जवळ गेलेल्याला ढुशी देते. माझ्या गमबुटाला तिने चावा घेतला, त्याचा मला आनंद झाला होता. ढीग ओला राहिला, आतून कुजत राहिला, तरच अंड्यांना ऊब मिळते. पाऊस पडला की हे आपोआप होते.

३. आपल्या परिपत्रकात "बंदिस्त प्राण्यांना थंडी-पावसापासून पुरेसा निवारा द्यावा" असे वाक्य आहे. ते माकडे, हरणे वगैरेंसाठी असावे. परंतु दि. २६ जून रोजी संध्याकाळी गावच्या दवंडीवाल्याने ते भोंग्यावरून जसेच्या तसे वाचले व शेवटी पदरचे एक वाक्य जोडले, "आपली कासवं भिजतायत हो!"

४. दि. २७ रोजी सकाळी साठ माणसे बांबू आणि पत्रे घेऊन दारात उभी. आमच्यात कुणी हाक मारायची वाट पाहत नाही. युवक संघाचे अध्यक्ष थनसांगा स्वतः वर चढले. पी दारथुआमी, म्हणजे वरच्या आळीतल्या विधवा आजीबाई, यांनी आपल्या डुकरांच्या गोठ्यावरचे सहा पत्रे काढून आणले. मी म्हटले, अहो, डुकरे भिजतील. त्या म्हणाल्या, "डुकरांना काय धाड भरलीय? भिजू देत की. ही बिचारी बोलत पण नाहीत." दुपारच्या चहापर्यंत छप्पर चढले, बाजूंनी ताडपत्री लागली, खाली लाकडाच्या वखारीतला कोरडा भुसा पसरला गेला आणि पन्हळ लावून पाणी एका टाकीत सोडले गेले.

५. मी तेव्हाच बोलायला हवे होते. आपण विचाराल की का बोलला नाही. न मागता, घरचे काम टाकून केलेल्या मदतीला आमच्या गावात नको म्हणत नाहीत. म्हटल्याचे मला तरी आठवत नाही. करणारा त्याचा उच्चार करत नाही आणि घेणारा खोट काढत नाही, यावरच आमचे डोंगरातले जगणे चालले आहे. माझे घर जळाले तेव्हा याच माणसांनी चार दिवसांत उभे केले होते. म्हणून मी चहा केला. साठ जणांचा चहा केला आणि साखर जास्त घातली.

६. आज त्या गोष्टीला एकवीस दिवस झाले. कासवे भुशात तोंड घालतात, नाकाला बुडबुडे येतात, डोळे सुजतात. दिवसभर कुंपणाच्या कडेला रांगेने बसतात आणि ताडपत्रीखालून मान बाहेर काढून पावसाला तोंड लावतात. मान जेवढी जाते तेवढीच भिजते. सात क्रमांकाचा नर दि. ८ जुलै रोजी गेला. पशुवैद्यांनी शवविच्छेदन अहवालात "शरीरातील पाणी कमी झाल्याने मृत्यू" असे लिहिले आहे. त्या दिवशी आमच्या पर्जन्यमापकात चौऱ्याण्णव मिलिमीटर पाऊस होता. दोन्ही कागद सोबत जोडले आहेत. नऊ क्रमांक दि. १४ रोजी गेला. त्याचा अहवाल यायचा आहे, पण तो काय येईल ते मला माहीत आहे.

७. माझ्या पहिल्या अर्जाचे उत्तर म्हणून प्रशस्तिपत्र आले. गावाने बांधलेल्या निवाऱ्याबद्दल अभिनंदन, आणि ते मी प्रार्थनेनंतर सर्वांसमोर वाचावे अशी सूचना. मी वाचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या अर्जाच्या उत्तरात, ढीग कोरडा पडत असल्यास टाकीतील पाणी वापरण्यास परवानगी मिळाली. त्याबद्दल आभारी आहे.

८. परवानगीनुसार मी रोज टाकीतून चौदा बादल्या काढून ढिगावर ओततो. म्हणजे पाऊस पत्र्यावर पडतो, पन्हळीतून टाकीत जातो आणि तिथून मी तो परत, पडायचा होता त्या जागी नेतो. रस्त्याने जाणारे थांबून म्हणतात, "पु रोखुमा, बाहेर आभाळ फाटलंय आणि तुम्ही आत सडा घालताय होय? पाहुणे येणारेत वाटतं!" मीही हसतो. पण बादलीचे पाणी वरवर भिजवते आणि वाहून जाते. मधेच ऊन पडले की पत्रा तापतो आणि ढीग पुन्हा खडखडीत. मुंग्या लागल्या आहेत. मादी हलत नाही. तिने खाणे सोडून तेरा दिवस झाले. हे सर्व लिहिताना मला रडू यायला हवे, पण येत नाही. सुरुवातीला यायचे, आता हात आपोआप बादलीकडे जातो, एवढेच.

९. काल मी ढिगाच्या कडेने हात घालून एक अंडे काढले आणि बॅटरीच्या उजेडात धरले. आत लाल शिरा दिसल्या. जीव आहे. लगेच जसेच्या तसे परत ठेवले. पिल्ले बाहेर यायला अजून महिना आहे. डॉक्टरसाहेबांच्या मते या कोरड्यात फार तर आठवडा निघेल.

१०. तरी विनंती की छप्पर उतरवण्याचा आदेश आपल्या सहीने द्यावा. त्यात कासवांना त्रास होतो असे कृपया लिहू नये, पी दारथुआमी यांच्या कानावर ते जाऊ नये. कारण म्हणून माझी चूक घालावी. रखवालदाराने बांधकामाची पूर्वपरवानगी घेतली नाही, असे चालेल. मला कारणे दाखवा नोटीस द्यावी. ती भोंग्यावरून वाचली गेली तरी माझी हरकत नाही.

११. शेवटचे. परवा थनसांगा आले होते. ते जुने शिकारी, कासव त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. ढिगात बोट घालून त्यांनी कोरडा चुरा बाहेर काढला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "साहेबांचा कागद आला ना, की एका सकाळीत उतरवतो बघा. पण लवकर मागवा, पु रोखुमा. आम्ही सगळेच वाट बघतोय." मी विचारले, सगळे म्हणजे कोण? ते म्हणाले, "ज्यांनी चढवलं ते."

साहेब, म्हणजे गावातल्या साठही जणांना कळलेले आहे. कोणी कोणाला बोलू शकत नाही. पी दारथुआमी रोज सकाळी येऊन ताडपत्रीवरून हात फिरवून जातात, त्यांनाही कळले असेल असे आता मला वाटते. मजकूर ठरवण्यास कार्यालयाला वेळ लागणार असेल तर कागद कोरा पाठवावा. सही आणि शिक्का तेवढा असावा. इथे कोणीही तो वाचायला मागणार नाही.

आपल्या सहीच्या प्रतीक्षेत,
नम्र,
रोखुमा
रखवालदार, रानकासव संवर्धन केंद्र, सेर्तलांग
दि. १८ जुलै

सोबत : १) शवविच्छेदन अहवाल, क्रमांक सात.
२) जुलै महिन्याची पाऊस नोंद.
३) परतीचा लिफाफा, पत्ता लिहून व तिकीट लावून.