राजा सरळ, घोडा उलटा

ती. मामांस,

भाचीचा नमस्कार. उजवा डोळा आता कसा आहे? मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, तेव्हा हे पत्र पडल्या पडल्या मामींकडून वाचून घ्या. (मामी, जिथे माझा आवाज चढल्यासारखा वाटेल तिथे तुम्हीही चढवा.) आधी रोजनिशीत राग लिहून काढायचा आणि मगच माणसांना पत्र लिहायचं, असा माझा नियम आहे. आज रोजनिशीचं पान पेनाच्या टोकाने फाटलं, म्हणून थेट तुमच्याकडे आले.

विषय आपलं नाणं. आई गेल्यापासून ते दादाच्या कपाटात बटणांच्या डबीत असतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आजोबा टाकसाळीत तोलाईला होते. महायुद्धात बोटी बुडायला लागल्या तेव्हा खाणीतलं सोनं समुद्रापलीकडे राजधानीला धाडण्याऐवजी साहेबाने इथल्याच टाकसाळीत नाणी पाडायचं ठरवलं. ती जेमतेम वर्षभर पडली, मग युद्ध संपलं आणि ठसे मोडून भट्टीत गेले. त्या वर्षातलं एक नाणं आजोबांनी पगार साठवून घेतलं. ही हकीगत तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की भट्टीची धग मलाच लागते. दोन्हीकडच्या नाण्यांवर तोच राजा आणि मागे तोच घोडेस्वार. फरक एवढाच, की इथल्या नाण्यावर घोड्याच्या खुरांखाली टाकसाळीचं इवलंसं अक्षर असतं. राजधानीची बिनअक्षरी नाणी ढिगाने सापडतात, आपलं मात्र शोधून सापडत नाही.

हेच मी आमच्या नाणेमंडळात सांगत होते. तर अध्यक्ष (त्यांना आम्ही भिंगवाले म्हणतो, पानातला खडासुद्धा ते खिशातलं भिंग काढून बघतात) सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, प्रत्येक घरात एक मामा असतो, आणि प्रत्येक मामाचे वडील टाकसाळीत असतात." लोक हसले. खजिनदार तर चहा सांडेपर्यंत हसले. मी उठून सांगितलं, की येत्या रविवारी अक्षर दाखवते, आणि नाही दाखवलं तर या खोलीत पुन्हा आजोबांचं नाव काढणार नाही. माझा आवाज चढला होता का? चढला होता. हे मी रोजनिशीत नोंदवलं आहे. पण त्यात चूक माझी किती आणि भिंगवाल्यांची किती, ते अजून ठरत नाही.

मग मी वहिनीला फोन केला, की नाणं काढून ठेव, मला रविवारी चारचौघांत दाखवायचं आहे. मामा, या वाक्यात सोनाराकडे जा असं कुठे आहे? मी ते उलटसुलट तपासलं. नाही सापडलं. काल गेले, तर वहिनीने हसत हसत डबी पुढे केली. आत आपलं नाणं, घासूनपुसून नव्या पितळी बटणासारखं चकचकीत केलेलं, आणि वर वितळल्या धातूची डाक लावून पक्की बसवलेली सोन्याची कडी. "अगं, हातात धरून कुणाकुणाला दाखवत बसशील? गळ्यात घातलंस की आपोआप दिसेल." सोनाराने म्हणे विचारलंही होतं, कुठली बाजू सरळ ठेवू. ही म्हणाली, राजा सरळ ठेवा, घोड्याचं काय, तो कसाही उभा राहील.

आणि तो तसा राहत नाही! या नाण्याची घडणच अशी आहे, की राजा सरळ धरून नाणं फिरवलं की मागचा घोडा पाय वर करून लटकतो. म्हणजे राजाच्या डोक्यावर बसवलेली कडी मागच्या बाजूला नेमकी घोड्याच्या खुरांवर येते. कडीला नाण्याची सगळी कड मोकळी होती. पण अक्षराची जेवढी जागा, तेवढ्यावरच डाक ओतली गेली आहे. मी भिंग लावलं, टॉर्च लावला. तिथे नुसतं टेंगूळ आहे. दादाने वर्तमानपत्राआडून विचारलं, "सोनं कुठे गेलंय? उलट कडीचं वाढलंच की." अशा माणसाशी काय बोलायचं? म्हणून मी सगळं वहिनीलाच बोलले. तिला अडाणी म्हणाले. (ती एम. कॉम. आहे.) ती आत जाऊन चादरीच्या घड्या घालत बसली. एकच चादर, पुन्हा उलगडायची, पुन्हा घालायची. डबी घेऊन मी निघून आले. मला अजून वाटतं, मी बोलले ते बरोबरच होतं. फक्त इतकं मोठ्याने बरोबर असायची गरज होती का, हे कळत नाही.

मामींना नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तुमची,
भाची

ता. क. रविवारी तुम्ही याच. ते अक्षर तुम्ही स्वतः पाहिलंय आणि तिसरीत असताना मला खिडकीत बसवून दाखवलंय. साक्षीला माणूस असला की भिंगवाल्यांची बोलती बंद होईल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी सोनाराकडे भांडायला जाऊन आले. गिऱ्हाईक नंतर हुज्जत घालतं म्हणून तो हातात आलेल्या प्रत्येक वस्तूचा आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढतो. आपल्या नाण्याचाही काढला होता. मोठा करून पाहिला. मामा, खुरांखाली काही नाही. झिजलेलं नाही, पुसलेलं नाही. तिथे कधी काही नव्हतंच. म्हणजे नाणं राजधानीचं. मग तिसरीत मी काय पाहिलं? तुम्ही "दिसलं ना?" असं इतक्या आनंदाने विचारलं होतंत, की मला दिसलंच असणार. हे पत्र फाडून दुसरं लिहावं असं मनात आलं. पण मग वहिनीला मी काय बोलले ते कुठेच राहिलं नसतं.

ता. क. शेवटचा. तरीही याच. फोटो मीच सगळ्यांना दाखवणार आहे, त्यामुळे अक्षराबद्दल तुम्ही काही बोलू नका. पण आजोबांचा तोलाईचा चिमटा तुमच्याकडे आहे, तो आणा, आणि भट्टीपासून सगळं सांगा. तिथे आजोबांचं नाव काढणार नाही असं मी कबूल केलंय, तुम्ही नाही. येताना दादाकडून वहिनीलाही घेऊन या. माझा फोन ती उचलत नाही. तिला सांगा, मी नाणं गळ्यात घालून येणार आहे. डबीत कापसाखाली तिने स्वतःची साखळी ठेवली होती, ती मला आज दिसली.