आईच्या हातची मोजमाप-वही

४ जून

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचा मेसेज चष्मा सापडेपर्यंत तुम्ही विसरून जाता, म्हणून हे पत्र.

आमच्या खात्यात सध्या कागदांना घरघर लागली आहे. महामार्गाची सगळी कामं आता संगणकावर. इंजिनिअर टॅब घेऊन जागेवर उभा राहिला तरच मोजमापाची नोंद होते, आणि ती मुख्य कार्यालयात लगेच दिसते. जुन्या वह्या स्कॅन करायच्या आणि मूळ वह्या लगद्याला पाठवायच्या, हे काम माझ्याकडे आहे. तुमच्या वेळच्या वह्याही माझ्याच टेबलावरून जाताहेत.

काल नदीवरच्या पुलाची वही आली. संगणक हस्ताक्षरं ताडून बघतो. त्याने साठ पानांवर लाल खूण केली: मजकूर एका हाताचा, सही दुसऱ्याची. मी पान उघडलं आणि हातातला चहा तसाच राहिला. बाबा, ते आईचं अक्षर आहे. तोच लांब शेपटीचा पाच. माझ्या शाळेच्या वह्यांवर याच अक्षरात माझं नाव असायचं.

मोजमापाची वही अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने भरायची, हे मला तुम्हीच शिकवलंत. महिनाअखेरपर्यंत मला या वहीपुढे 'ग्राह्य' किंवा 'संशयास्पद' लिहायचं आहे. संशयास्पद लिहिलं तर वहीचं स्कॅनही काढून टाकतील आणि पुलाच्या पायाच्या खोलीची एकमेव नोंद जाईल. ग्राह्य लिहिलं तर मी जाणूनबुजून डोळ्यांवर कातडं ओढल्यासारखं होईल. काय झालं होतं ते सविस्तर कळवा.

गुडघ्यांना तेल लावता ना? खोटं लिहू नका, शेजारच्या काकू मला सगळं कळवतात. तुमचे आशीर्वाद आहेतच, ते तसेच असू द्यावेत.

तुमची,
ठकी

९ जून

चि. ठकीस,

अ. उ. आ. छत्तीस वर्षांत एकाही साहेबाला दिसलं नाही ते तुझ्या संगणकाला दिसलं, त्याला माझी शाबासकी सांग. जागेवर उभं राहिल्याशिवाय तो नोंद घेत नाही, हे मला फार आवडलं. शेजारच्या काकूंना सांग की त्यांनी आपले गुडघे सांभाळावेत.

तू चार वर्षांची होतीस. आपण नदीकाठच्या कॅम्पात पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायचो. दुपारी पत्रा असा तापायचा की तुझी आई तुला बाहेर रोलरच्या सावलीत झोपवायची. तू उठेपर्यंत रोलरवाला रोलर हलवायचा नाही आणि कामाचा खोळंबा मी मुकाट्याने सोसायचो. पुढे पक्कं घर मिळालं, पण त्या दोन खोल्यांतलं सुख काही परत आलं नाही, हे आज लिहून टाकतो.

पुलाचा पाया चालू असताना एक लोखंडी प्लेट माझ्या उजव्या हातावर पडली. तीन बोटं चिरडली. रजा घेतली असती तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं, आणि तो माझा पहिला मोठा पूल होता. मला ती हाव सोडवली नाही. हात खिशात घालून कामावर जायला लागलो. दिवसभर डाव्या हाताने चिठोऱ्यांवर आकडे खरडायचे आणि संध्याकाळी तुझ्या आईला वाचून दाखवायचे. ती वहीत लिहायची. सही तेवढी मी दातओठ खात स्वतः करायचो. असे सात महिने गेले.

ती नुसती लिहून घेणारी नव्हती. एका संध्याकाळी तिने पेन खाली ठेवलं. काल तिसऱ्या खांबाचा खड्डा सहा मीटर दहा सांगितलात, आज पाच नव्वद कसा, खड्डा वर येतो का, असं विचारलं. मी उखडलो. पुलांतलं तिला काय कळतं, असंही बोलून गेलो. पुलांतलं नाही पण आकड्यांतलं कळतं, खात्री होईपर्यंत मी लिहिणार नाही, असं ती शांतपणे म्हणाली. सकाळी जाऊन मी पुन्हा टेप लावली. कडेची माती ढासळून तळाशी वीस सेंटिमीटर साचली होती. तसंच काँक्रीट ओतलं असतं तर खांब त्या भुसभुशीत मातीवर उभा राहिला असता. सगळा खड्डा साफ करून घेतला आणि मगच तिने आकडा लिहिला.

सदतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सेवापुस्तकात एकही शेरा नाही, हे तुला ठाऊक आहे. आता या वयात तो लागू नये असं वाटतं, हेही लपवत नाही. वेळेवर जेवत जा आणि या म्हाताऱ्याला जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
बाबा

१४ जून

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. पत्र कार्यालयाच्या जिन्यात उभी राहून तीनदा वाचलं. तुमची बोटं जन्मापासूनच वाकडी आहेत असं मी इतकी वर्षं समजत होते. आईनेही जाईपर्यंत कधी ताकास तूर लागू दिली नाही.

माझा सहकारी म्हणतो, 'ग्राह्य'चं बटण दाब आणि मोकळी हो, अक्षर कुणाचं ते कुणाला कळणार आहे? दोनदा बोट तिथवर गेलं. पण रोज मी साइटवरच्या पोरांना बजावते की ज्याने मोजलं त्यानेच लिहायचं. त्यांच्यापुढे उद्या कोणत्या तोंडाने उभी राहू? साहेबांना सगळं खरं सांगावं असं माझ्या मनात आहे. तुमच्यावर शेरा येईल. म्हणून तुमचा होकार आल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही. रागवा, पण अबोला धरू नका.

तुमची,
ठकी

२० जून

चि. ठकीस,

अ. उ. आ. दोन दिवस तुझ्यावर फुगून बसलो होतो. शेजारच्या काकूंचा चहासुद्धा परत पाठवला. मग आठवलं की तुझ्या आईने पेन खाली ठेवलं तेव्हाही मी असाच फुगलो होतो, आणि चूक माझीच निघाली होती.

खरं काय ते सांग. घाबरू नकोस. बापावर माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बाबा

१६ जुलै

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मुदत वाढवली आणि खात्री करायला खांबांशेजारी यंत्राने जमिनीत खोल बोअर घ्यायला लावलं. दोन दिवस मी यंत्रापाशी उन्हात उभी होते. पाचही खांबांची खोली वहीशी तंतोतंत जुळली. तिसरा खांब सहा मीटर दहा. ऑपरेटरने आकडा वाचला तेव्हा मला रडू आवरेना. त्याला वाटलं काहीतरी बिघडलं.

वही ग्राह्य झाली. मूळ वहीही लगद्यात न घालता जपायचं ठरलं आहे. पेन्शनला धक्का नाही. पण शेरा टळला नाही. नोंदी कुणी केल्या त्या व्यक्तीचं पूर्ण नाव संगणक मागतो, म्हणून आईचं नाव घालावं लागलं. तुमच्या नावापुढे आता लिहिलं आहे की सात महिन्यांच्या नोंदी नियमबाह्य रीतीने तुमच्या पत्नीने केल्या. हा शेरा पुढे कुणालाही पुसता येणार नाही. मी तुमचं कोरं पुस्तक डागाळलं, मला क्षमा करा.

तुमची,
ठकी

२१ जुलै

चि. ठकीस,

अ. उ. आ. क्षमा कसली मागतेस? पुलावरच्या दगडावर उद्घाटन करणाऱ्याचं नाव आहे, ठेकेदाराचं आहे, तेव्हाच्या साहेबांचंही आहे. छत्तीस वर्षं मी तिथून येता-जाता ती नावं वाचत आलो आणि तिचं नाव तिथे नाही हे माझ्या कधी ध्यानातही आलं नाही. कोऱ्या सेवापुस्तकाचा तोरा मात्र जन्मभर मिरवला, तिच्यासमोरसुद्धा. ती ऐकून घ्यायची.

तो शेरा पुसता येत नाही, हे फार चांगलं झालं. त्याची एक प्रत मला पाठव. मला ती भिंतीवर लावायची आहे.

तुला उदंड आशीर्वाद. आईचे त्यात धरलेलेच आहेत.

तुझा,
बाबा