धान कापल्यावर कुठी जाता?

१२ सप्टेंबर

नवा फॉर्म आला! अकरा वर्षं केसपेपरच्या खिडकीवर बसतो आहे — नाव, वय, गाव विचारलं की पुढचा. ‘व्यवसाय’ हा रकाना मी कधी विचारलाच नाही. बोट आपोआप जायचं — शेती. आता दोन रकाने: काम काय करता, आणि कुठल्या धंद्यात करता. ट्रेनिंगला जिल्ह्याचे साहेब म्हणाले, कोणत्या कामातली माणसं कशानं आजारी पडतात ते वर कळलं पाहिजे.

नंदिनी मॅडम — नव्या डॉक्टर, पोरगीच आहे — म्हणाल्या, “खुशालभाऊ, हे आता तुमच्या कानांवर आहे.”

माझे कान दवाखानाभर प्रसिद्ध. रांगेतला खोकला ऐकून सांगतो — हा बिडीचा, ही चुलीची, आणि हा नुसता सुट्टीचा कागद मागायला आलेला!

१५ सप्टेंबर

ऐंशी केसपेपर. एकोणऐंशी शेती. एक मास्तर.

१९ सप्टेंबर

लालसू आला. गावाबाहेरच्या टोल्यावरचा, जुन्या ओळखीचा. टीबीच्या गोळ्यांची ही तिसरी खेप. बेडक्यात काही निघत नाही, तरी गोळ्या चालू. पस्तिशीचा आहे, पंचावन्नचा दिसतो. मंगली, त्याची बायको, काखेत हात घालून धरून उभी होती.

त्याचा खोकला माझ्या यादीत बसत नाही. कोरडा. जात्यात खडा गेल्यासारखा.

“काम काय करतोस?”

“शेती.”

“आणखी?”

“आणखी काय भाऊ? दोन एकर धान. तुमाले मालूम नाई का?” — आणि हसला. हसता हसता खिडकीचे गज धरून खाली बसला.

२२ सप्टेंबर

दुपारी कय्यूमभाईंच्या टपरीवर. इथंच बाराव्या वर्षापासून कप धुतले. त्यांना फॉर्मचं रडगाणं ऐकवलं.

“तेरा सवाल ही गलत है,” म्हणाले. “इथल्या माणसाले काम विचारलं तं तो घरचं सांगते. धान म्हणजे काम. बाहेर जाते ते काम थोडीच? ते तं नुसतं जाणं. त्याले विचार — धान कापल्यावर कुठी जातेस?”

एवढी साधी गोष्ट. मला सुचायला हवी होती. मला तर सगळ्यात आधी.

२३ सप्टेंबर

विचारलं — आणि रांगच बोलायला लागली! कोणी मिरची तोडायला तेलंगणात. कोणी विटाभट्टीवर. चामोर्शीकडची एक म्हातारी म्हणाली, “इतके दिवस काऊन नाई विचारलं रे बापा?”

३० सप्टेंबर

आठवडाभरात सात जणांचं एकच उत्तर. “पांढऱ्या कारखान्यात.” सीमेपलीकडे, पांढरा गोटा दळून भुकटी करतात तिथं. दिवाळीनंतर जायचं, पावसाच्या तोंडाशी, रोहिणीला परत. सातही जण खोकणारे. सातही खोकले कोरडे.

लालसू त्यातलाच. मंगली सांगत होती, “घरी ये तं भुवयासुद्धा पांढऱ्या राहे. पोट्टे म्हणत, बाबा बुढा होऊन आला.”

मॅडमनं लालसूचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

“ही टीबी नाही. ही त्या दगडाची धूळ आहे. सिलिकोसिस.”

“औषध?”

“नाही. दुसरं कोणी तिथं न जाणं, एवढंच.”

सात जणांची यादी केली. मॅडमनं पेनानं तिसरा रकाना आखला — कोणी नेलं? “तुम्ही इथले, भाऊ. तुम्हाला सांगतील. नेणारा सापडला तर सगळी साखळी सापडेल.”

बघतो, म्हणालो.

मग मॅडमनं सहज विचारलं, कप धुणारा मुलगा कॉम्प्युटरपर्यंत कसा आला? सांगितलं — टपरी, मग दोन वर्षं इकडंतिकडं, मग आरमोरीला क्लास, मग ही खिडकी. “कमाल आहे तुमची!” म्हणाल्या.

६ ऑक्टोबर

तिसरा रकाना कोरा. मी विचारतो, समोरचा मान खाली घालतो. लालसूनं तेवढं तोंड उघडलं — “जाऊ द्या नं भाऊ. आपलाच माणूस होता.”

१३ ऑक्टोबर

मॅडम रजेवर. जिल्ह्यावरून फोन. “तुमच्याकडं ‘इतर’ फार दिसतंय.”

साहेब, तुमच्या यादीत गोटा दळायचा कारखानाच नाही, म्हणालो.

“जवळचं असेल ते टाका. ‘इतर’ वाढलं की अहवाल पुढं सरकत नाही. तुमच्या एका दवाखान्यापायी जिल्हा अडलाय. चारच्या आत करा.”

पावणेचारला केलं. सात नावं. शेती, शेती, शेती... बोटाला रस्ता पाठच होता.

२८ ऑक्टोबर

मॅडमनं तपासणी पथक मागवलं होतं. आज उत्तर आलं. मोठ्यानं वाचून दाखवलं — “आपल्या रुग्णालयाच्या नोंदींत सदर उद्योगातील एकही रुग्ण आढळून येत नाही.”

मी केलं, म्हणालो. मीच बदललं.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, “हातानं लिहिलेली यादी आहे ना? ती पाठवू. पण नुसत्या नावांनी कोणी हलणार नाही. नेणारा कोण, गाडी कुठून येते, उतरवतात कुठं — हे सांगणारा एक माणूस हवा. तिसरा रकाना भरा, भाऊ.”

८ नोव्हेंबर

लालसू गेला.

शेवटचे दोन दिवस अंथरुणाला पाठ लावता येत नव्हती. बसूनच होता, बसूनच गेला. मृत्यूच्या नोंदीत व्यवसाय मीच टाकला. कॉम्प्युटरनं जुनी नोंद आपणहून पुढं आणली होती — शेती. खोडायला गेलो. यादी उघडली. त्यात गोटा नव्हताच.

तसंच ठेवलं.

१६ नोव्हेंबर

टोल्यावर गेलो. सुरज — लालसूचा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा — दाराशी थैली धूत होता. मंडईच्या जत्रेतलं नाटक झालं की दुसऱ्या दिवशी कारखान्याची गाडी येते. येत्या शुक्रवारी. टोल्यावरून अकरा जण.

बोललो. माझ्याइतकं गोड कोणाला बोलता येतं? धूळ, फुप्फुस, एक्स-रे, सगळं सांगितलं. सुरज ऐकून घेत होता, मोठ्या माणसाचं ऐकतात तसं. मग म्हणाला, “दादा कमजोर होता, भाऊ. मी तोंडाले फडकं बांधीन नं.”

“तुझा दादाही बांधायचा.”

“मंग तुमीच सांगा, इथी बसून काय करू?”

याचं उत्तर आहे का कोणापाशी?

मंगली सूप घेऊन बसली होती. पाखडताना वर पाहिलं, मी बसलो होतो त्या खाटेकडं पाहिलं, आणि एक वाक्य बोलली. पुन्हा सूप.

काय बोलली ते उद्या लिहीन.

१७ नोव्हेंबर

नाही लिहिलं.

१८ नोव्हेंबर

कय्यूमभाईंनी चहा पुढं केला. “बोल दे, खुशाल,” एवढंच म्हणाले. म्हणजे त्यांना आठवतं. सगळ्यांनाच आठवतं. सातही जणांनी मान खाली घातली होती ती माझी लाज राखायला.

१९ नोव्हेंबर

मंगली म्हणाली होती — “तवाही याच खाटेवर बसून सांगत होते नं भाऊ, सोय चांगली हाय, काऊन भेता?”

आज तिसरा रकाना भरला. सात नावांपुढं सात वेळा, माझं नाव. खाली ठेकेदार, गाडीचा रस्ता, उतरवायची जागा. ती ‘इकडंतिकडं’ची दोन वर्षं मीच मोजून गाडीत बसवत होतो. कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. गाडी परवा येते.