तीन सॉफ्टवेअरं आणि आण्णाचा आवाज

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२२ नोव्हेंबर २००९

श्रीयुत नागाप्पादाजी यांस धाकटा मेहुणा वीरभद्र याचे शरणार्थ.

तुमचा गुडघा आणि आमच्या आक्काचा स्वभाव, दोन्ही थंडीत वाढतात, तरी जपून असावे. प्रथम तक्रार. आपण पाठवलेली गुळाची ढेप ज्या वर्तमानपत्रात गुंडाळली होती, त्यात फुटबॉलच्या सामन्याची बातमी मध्यंतरापर्यंतच होती. उत्तरार्ध तुमच्या नेसरीतच राहिला. फुटबॉलवेड्या पेठेतल्या माणसाचा असा छळ शत्रूही करत नाही.

असो. आमच्या थोरल्या आण्णाला जाऊन चार वर्षं झाली. अव्वाला आता दिसत नाही, हे तुम्ही जाणताच, तिचा एकच धोशा, "माझ्या लेकाला एकदा ऐकीव." म्हणून शिवांजलीनं घरातल्या लग्नाबारशांच्या सगळ्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. (कन्या पुण्याहून रजा टाकून आली आहे आणि बापाची शिकवणी घेते आहे.) आता सर्व्हर करायचा, म्हणजे माजघरातल्या कॉम्प्युटरनं वाढप्यासारखं उभं राहून बाहेर सोप्यातल्या टीव्हीला आणि अव्वाच्या खोलीला हवं ते वाढायचं. त्याचं सॉफ्टवेअर निवडायचं होतं. न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगितलेत. मला ते तिन्ही एकाच आठवड्यात भेटले. पहिल्याला अतिव्याप्ती, म्हणजे जे दिसेल तो सिनेमा. त्यानं परस्पर इंटरनेटवर चौकशी करून आण्णाच्या लेकीच्या लग्नाला तलवारवाल्या गोऱ्या माणसाचं चित्र लावलं आणि खाली लिहिलं, युद्धपट. (विहीणबाईंना आठवून मी ते खोडलं नाही.) दुसऱ्याला अव्याप्ती, ते बारशी दाखवतं, लग्नं दाखवत नाही, आणि घरात अशी मांडणी बरी दिसत नाही. तिसरं सुरूच झालं नाही. त्याला शास्त्र असंभव म्हणतं आणि पुढं जातं.

दुपारी पडदे ओढून मी पाहत बसतो. माणसं कमळातून उगवतात, बदामात मावळतात (कॅसेट सजवून देणाऱ्या मिक्सिंगवाल्याची कृपा). कधीच गेलेले पाहुणे सावकाश जिलेबी खातात, तोडलेलं चिंचेचं झाड मांडवामागं हलत असतं, आण्णाच्या फेट्यावरून एक पांढरा हंस पोहत जातो. मला डुलकी लागते, तरी पंगत उठत नाही. कुणीतरी माझ्याही पानात वाढतं. जाग येते तेव्हा आण्णा समोर उभा, हातवारे करत कुणाला तरी झापतोय, आणि त्याच्या तोंडून बाईच्या गळ्यातलं विरहगीत.

परवा अव्वाला शेजारी बसवलं. तिनं बराच वेळ कान दिला.

"आण्णा हाय व्हय त्यात?"

"हाय की. बोलतोय."

"मग ही कोण बया मधीच गातीया? तिला गप बसीव की रं."

ती गप्प बसत नाही. मिक्सिंग करताना मूळ आवाज पुसून गाणी भरली, तीही आपणच हौसेनं निवडलेली. चालणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरांत ती सारखीच स्वच्छ ऐकू येतात.

आक्कास नमस्कार.

आपला,
वीरभद्र

ता. क. पहिलंच ठेवलं. लग्न युद्धपट तर युद्धपट.

आणखी ता. क. तुमच्या विहिरीच्या पूजेची कॅसेट मिक्सिंगला कधी गेलीच नाही. तीत आण्णा तुम्हाला चारचौघांत, पंगतीला आमटी कमी पडली म्हणून वीस मिनिटं बोलला आहे, हे मला ठाऊक आहे, आणि ती तुमच्या कपाटात आहे हे आक्कानं सांगितलंय. कृपा करून पाठवा. कुणी हसणार नाही.

अव्वाला मी रोज सांगतो, मला त्याचा आवाज अगदी लक्षात आहे, तो असा बोलायचा, तसा बोलायचा. दाजी, मला तो आता आठवत नाही.