बाबांचा ‘चेक’

प्रिय धाकट्या,

बाबांचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला ठरलंय. मघाशी वॉर्डच्या मोठ्या सिस्टर स्वतः येऊन सांगून गेल्या. मानेतली रक्तवाहिनी साफ करायची आहे. नाही केली तर पक्षाघाताचा दुसरा झटका केव्हाही येईल. केली तर टेबलावरही येऊ शकतो. डॉक्टर हे हवामान सांगावं तसं सांगतात.

आईने तुला फोनवर ‘बोलणं जरा कमी झालंय’ एवढंच सांगितलं. खरं असं आहे की पहिल्या झटक्यानंतर बाबांकडे एकच शब्द उरलाय, ‘चेक’. तीस वर्षं डेपोत, बस बाहेर पडायच्या आधी चाकांचे नट हातोडीने ठोकत म्हटलेला. बाकी सगळं गेलं, माझं नावसुद्धा. आता पाणी हवं तरी चेक, पंखा लाव तरी चेक. आईला औषध द्यायला पाच मिनिटं उशीर झाला की असा खणखणीत चेक येतो की शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसतात. परवा ते आईला म्हणाले, “तुमचे हे शिव्यापण त्याच शब्दात घालतात वाटतं.” आईने मान डोलावली, कारण घालतातच.

मी सगळं सुरावरून शिकले. आखूड म्हणजे नको, लांबवलेला म्हणजे आणखी. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून अगदी हळू म्हणतात, तो कशाचा हे कळायला मला आठवडा लागला. तेव्हा त्यांना रडू आलेलं असतं. आता डॉक्टर, सिस्टर, आई, सगळे माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी अर्थ सांगते. खोटं कशाला बोलू, मला त्यात जरा मिरवायलाही आवडायला लागलं होतं.

काल डॉक्टर त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. कागदावर चित्र काढून धोका समजावला आणि विचारलं, करायचं का ऑपरेशन? बाबांनी त्या चित्रावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “चेक.” आखूड नाही, लांब नाही. तसा सूर मी आधी कधी ऐकलाच नव्हता. डॉक्टर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, हो म्हणतायत. फॉर्मवर मीच सही केली. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

तो हो होता की नाही, मला माहीत नव्हतं रे. मला ऑपरेशन हवं होतं, म्हणून मला हो ऐकू आलं.

चार वर्षांपूर्वी, तू डेपोत बाबांच्या हाताखाली होतास, त्या सकाळचा विषय आपण घरात काढत नाही. बाबांनी नट ठोकून चेक म्हणायचं, पलीकडून तू तोच नट हाताने बघायचास आणि मगच उलट चेक म्हणायचास. त्या दिवशी तू न बघताच म्हणालास. फाटकाशी चाक डुगडुगलं आणि त्यांनी सगळ्यांसमोर तुला डेपोतून हाकलून दिलं. मीही त्यांचीच री ओढली. एवढं बघायला याचं काय जात होतं, असं मी म्हणाले. काल मी तेच केलं. माझं चाक अजून डुगडुगलेलं नाही, एवढाच फरक.

फोनवर हे बोलता आलं नसतं, आई सारखी शेजारी असते. म्हणून लिहितेय. दोन वर्षं तू त्यांच्या समोर उभा राहून दिवसातून शंभरदा हा शब्द ऐकलायस. नट पक्का आहे की शंका आहे, हे ते त्यातूनच सांगायचे ना? तू ये, तो सूर तूच ओळखशील. सही मागे घेता येते, हे मी विचारून ठेवलंय. डॉक्टर पुन्हा एकदा विचारायला तयार आहेत. त्यांच्या जुन्या डेपोतले ड्रायव्हरकाका उद्या तुझ्याच गावाला बस घेऊन येतायत, हे पत्र त्यांच्या हाती देतेय. बुधवारी दुपारी चारला डॉक्टर खाटेशी येतील. तुला बघून बाबा कदाचित तोंड फिरवतील. तरी हलू नकोस. डॉक्टर विचारतील, ते तो एक शब्द म्हणतील, आणि या वेळी मी काहीच बोलणार नाही.

घाबरलेली, तुझीच,
ताई